धुकं टाका, चालून जाईल

काशीद, ५ ऑक्टोबर

प्रिय सुजित,

सप्रेम जय भीम.

तुला फोन लावला की अर्धी रिंग वाजून बंद होतो. नूतनच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच तू ठेवून दिलास. सगळीकडून मला ब्लॉक केलंस, म्हणून हा कागद. बाबा गेल्यापासून घरात कोणी पत्र लिहिलेलं नाही. पोस्टात पाकीट मागितलं तर तिथल्या बाई म्हणाल्या, "राखी पाठवताय काय, आता?"

सरळ विषयाला येतो. तुझं म्हणणं, दादाने माझ्या कामाची जगापुढे टर उडवली. अरे, मी तुझी नाही उडवली, 'जलवंश'ची उडवली. सहा वर्षं ही मालिका पाहिली आपण. पहिला सीझन आपल्या पडवीत, एका फोनवर, इअरफोनचं एक बोंडूक तुझ्या कानात आणि एक माझ्या. राणी इरावनी बहिणीला शोधायला बंदर सोडून निघते तेव्हा तू नाक ओढत होतास आणि सर्दी झाली म्हणून सांगत होतास. आणि त्याच इरावनीला सहा वर्षांनी बहीण भेटते, आणि पुढच्या दहा मिनिटांत ती तिला भाल्याने मारून टाकते! का? तर शेवटचा सीझन सहा भागांत गुंडाळायचा होता. तीन महिन्यांचा समुद्र एका गाण्यात पार केला. ज्या तिमिंगलाची, त्या समुद्रातल्या राक्षसाची, पहिल्या भागापासून नुसती भीती घातली, तो शेवटच्या भागात उठला तर काय, धुक्यात काहीतरी लिबलिबीत हललं आणि संपलं.

माझ्या पानावर चाळीस हजार लोक आहेत. 'जलवंशी मराठी' हे पान मी इथे शेठच्या बंगल्याची राखण करत, पाहुणे नसतील तेव्हा एकेक माणूस जोडत उभं केलं. लोक मला विचारत होते, ॲडमिनदादा, तुम्ही काही बोलत का नाही? म्हणून मी मुरूडला बांबूवर वाळत घातलेल्या बोंबलाचा फोटो काढला, तिमिंगलाच्या शेजारी लावला आणि खाली लिहिलं, 'सहा वर्षं वाट पाहिली, निघाला ओला बोंबील.' गंमत होती. ती एवढी पसरेल, हिंदीत जाईल, बातम्यांत येईल हे मला काय ठाऊक? आणि तो शॉट तुझा होता हे तरी मला काय ठाऊक? तुमच्या स्टुडिओत दोनशे माणसं संगणकापुढे बसतात. कोणी लाट केली, कोणी शेपूट केलं, ते बाहेरच्याला कसं कळणार?

तरीही तुला लागलं, तर माफ कर. फोटो मी काढून टाकला आहे.

तुझी नोकरी गेल्याचं आईकडून कळलं. तिला तू सांगितलंस म्हणे की आतल्या बैठकीतलं बोलणं बाहेर फुटलं, आणि ते किशोरीनेच फोडलं असणार. तुमच्या लग्नाचं बोलणं घरापर्यंत आलेलं असताना असं व्हावं, याचं मला फार वाईट वाटलं. पण माणसाचा भरवसा नसतो, सुजित. वेळेवर कळलं हे बरं म्हणायचं.

आई रोज विचारते, "पोराचा फोन आला का न्हाय?" तिच्यासाठी तरी उचल.

तुझा,
दादा

काशीद, २३ ऑक्टोबर

प्रिय सुजित,

उत्तर येणार नाही हे धरूनच लिहितो आहे. दिवाळीत बंगला भरलेला होता. ठाण्याहून दोन कुटुंबं आली होती, मोठी माणसं आठ आणि पोरंटोरं. सकाळी मी ओसरीत आंबोळ्या वाढत होतो आणि त्यांच्यात 'जलवंश'वरून जुंपली. एक टक्कल पडलेले गृहस्थ होते, बँकेत कुठेतरी. ते म्हणाले, "शेवट बरोबरच होता. इरावनी आतून पहिल्यापासून तशीच क्रूर होती. फक्त तिथपर्यंत जायला वेळ दिला नाही."

त्यांची बायको म्हणाली, "मग तो शेवट बरोबर कसा? मी तुम्हाला उद्या सकाळी एकदम भाला मारला आणि म्हटलं, मी आतून तशीच होते, तर चालेल का?"

सगळे हसले. मीही हसलो. मग कोणीतरी मोबाईल काढून तो बोंबील दाखवला, आणि माझ्याच्याने राहवलं नाही. मी म्हटलं, "हा मीच केलाय." आंबोळ्या बाजूला राहिल्या. लोकांनी माझ्याबरोबर फोटो काढून घेतले. बँकवाल्याने माझ्या पाठीवर थाप मारली. त्यांच्यात एक तरुण बाई होती, पोटुशी, ती तेवढी उठली नाही. ती म्हणाली, "ज्यांनी तो राक्षस बनवला त्यांना झोप तरी मिळाली असेल का हो? माझा नवरा असल्याच कामात आहे. हे असले फोटो आले की तो जेवत नाही."

मला तिच्याकडे बघता आलं नाही. चटणी आणतो म्हणून आत गेलो आणि मोरीत उभा राहिलो.

मी तो बोंबलाचा फोटो पानावरून काढलाच नव्हता, सुजित. गेल्या पत्रात खोटं लिहिलं. तो पानावर सगळ्यात वर लावून ठेवला होता. आत्ता, हे लिहायला बसण्याआधी काढला. नूतनला दाखवून काढला, तिला विचार.

आणि तो शॉट तुझा आहे हे मला माहीत होतं.

ऑगस्टमध्ये तू घरी आलास तेव्हा तुझे डोळे असे लाल होते की आईला वाटलं, डोळे आलेत. तू जेवलास आणि पडवीत झोपलास, आणि आई तुझ्याजवळ बसून माश्या वारत राहिली. उठल्यावर तू मला फोनवर तिमिंगल दाखवलास. तू सुरुवातीला केलेला, पुरा वेळ मिळाला असता तर झाला असता तो. त्याच्या पाठीवर शिंपले होते, जुन्या बुडालेल्या गलबताची डोलकाठी रुतलेली होती. तो वर येताना आधी पाणी आत ओढलं जायचं, आपल्या इथे मोठ्या भरतीआधी जातं तसं. तू म्हणालास, "हे काशीदचं पाणी आहे, दादा. मी इथूनच उचललंय." मग म्हणालास, हा जाणार नाही, कारण तारीख अलीकडे आणली आहे, अर्धवट आहे तोच देऊन टाकायला सांगितलं आहे.

तो पाहून मला काय वाटलं असेल? अभिमान वाटायला हवा होता. मला वाटलं, हा काशीदचं पाणी जगाला दाखवणार, आणि मी त्याच काशीदला लोकांच्या चादरी वाळत घालणार. बाबांनी तुला चित्रकलेच्या कॉलेजात घातलं तेव्हा मी हू की चू केलं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे. मला बरं वाटलं नव्हतं, हे कोणाला माहीत नाही. तुझं नाव चौथ्या सीझनला शेवटच्या पाटीवर आलं तेव्हा आईने टीव्हीवरून हात ओवाळून कडाकडा बोटं मोडली. मी टाळ्या वाजवल्या आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो. पुसलेलीच होती.

म्हणून शेवटचा भाग लागला आणि तुझा तिमिंगल फसलेला दिसला, तेव्हा मला आतून हलकं वाटलं. खरं सांगतो. आणि त्या हलकेपणातच मी बोंबलाचा फोटो काढायला मुरूडला गेलो. गंमत म्हणून नाही.

एवढंच होतं. आता माझ्या पोटात काही उरलेलं नाही.

दादा

काशीद, ११ नोव्हेंबर

सुजित,

उरलेलं होतं.

परवा नूतन तिच्या फोनवर काही बघत होती. शाळेतल्या तिच्या एका मैत्रिणीने टी-शर्ट पाठवला होता, म्हणजे टी-शर्टचा फोटो. काळ्या कापडावर पांढऱ्या अक्षरांत, 'धुकं टाका, चालून जाईल.' आता सगळीकडे आहे ते. रिक्षांच्या मागे लिहितात. काही अर्धवट दिसलं की लोक म्हणतात, धुकं टाका. नूतन बराच वेळ त्या फोटोकडे बघत राहिली. मग मला म्हणाली, "हे भावोजींनी सांगितलं होतं ना? ऑगस्टमध्ये. मी चहा घेऊन आले तेव्हा."

मी म्हटलं, "आता ते सगळ्यांनाच माहीत आहे. ती बातमी फुटली ना, 'आतला माणूस' नावाने."

"ती किशोरीने फोडली."

"हो."

"मग त्या बातमीत 'मोठ्या साहेबांनी मांडीवर थाप मारली' असं कसं आलं? मांडीवर थाप भावोजींनी मारली होती. नक्कल करताना. साहेबांनी मारली की नाही हे त्यांनी सांगितलंच नाही. मी चहाचा कप वाचवला होता, म्हणून मला आठवतंय."

तिने फोन पालथा ठेवला आणि विचारलं, "तुम्ही?"

हो, सुजित. मी.

बैठकीत तुम्ही तीनच माणसं होतात, तू, किशोरी आणि ते साहेब. तुम्ही दोघांनी सांगितलं की तिमिंगल अर्धवट आहे, अजून वेळ द्या. साहेब म्हणाले, धुकं टाका, चालून जाईल, या लोकांना कळतं काय. हे तू मला आणि नूतनला सांगितलंस. सांगून झाल्यावर म्हणालास, "दादा, हे बाहेर जाता कामा नये. आम्ही सही करून दिली आहे." मी म्हटलं, "वेडा आहेस का?"

शेवटचा भाग लागला, बोंबील पसरला, आणि चार दिवसांत लोक दुसऱ्या कशाकडे तरी वळायला लागले. माझ्या पानावर पुन्हा तेच आठ-दहा जण. मला ते सहन होईना. मी 'आतला माणूस' नावाने एक खोटं खातं उघडलं, आणि तुझं सगळं बोलणं त्यात उतरवलं. थापेसकट. मग ते माझ्याच पानावर आणून लावलं आणि वर लिहिलं, 'हे खरं असेल तर भयंकर आहे, मित्रांनो.' हे वाक्य लिहिताना मला जरासुद्धा लाज वाटली नाही. आता ते आठवलं की जेवताना घास खाली ठेवतो.

लोकांनी त्या साहेबांना शिव्या घातल्या. मी मनाशी म्हटलं, बघ, मी भावाची बाजूच घेतोय. आपल्या लोकांना राबवून घेतात, त्यांचं पितळ उघडं पाडलं. दोन दिवस तर मला स्वतःचं कौतुक वाटत होतं.

मग तुझा फोन आला. तू म्हणालास, "दादा, तू तर नाही ना?"

मी काय म्हणालो ते तुला माहीत आहे. आईची शपथ घेतली. वर रागावलो. "सख्ख्या भावाला विचारतोस? तिला विचार आधी, ती होती ना तिथे." ते नाव मी तुझ्या तोंडात घातलं, सुजित. तोवर तुझ्या मनात किशोरी आली नव्हती. तू म्हणालास, "ती असं करणार नाही." मी म्हटलं, "मग कोण करणार?"

तुम्हा दोघांनाही नोकरीवरून काढलं. तू तिच्याशी बोलणं सोडलंस. आणि गेल्या महिन्यात मी तुला पत्रात लिहिलं की माणसाचा भरवसा नसतो. ते पाकीट चिकटवताना जीभ लावली होती, त्या डिंकाची चव अजून जात नाही.

नूतन ओरडली नाही. तिने विचारलं, "आता काय करणार?" मी म्हटलं, "सुजितला लिहितो." ती म्हणाली, "भावोजींना तर लिहालच. ते घरचे आहेत, कधीतरी माफ करतील या आशेवर तुम्ही लिहिताय. त्या मुलीचं काय?"

तिच्याकडे किशोरीचा नंबर आहे. म्हणजे त्या दोघी मधून मधून बोलत होत्या, आणि मला हे माहीत नव्हतं. मी रविवारी जातो आहे.

हे पत्र मिळाल्यावर तू काय करशील ते कर. फक्त आईला मी सांगेन. तू सांगू नकोस.

स्वप्निल

काशीद, ८ डिसेंबर

सुजित,

मांडव्याहून रो-रो बोटीने गेलो. किशोरीने घरी बोलावलं नाही. भांडुपला एका शाळेत ती शनिवार-रविवार मुलांना चित्रकला शिकवते, तिथे या म्हणाली. मी गेलो तेव्हा वर्ग सुटत होता. बाकांवर रंगाचं पाणी सांडलेलं होतं आणि ती फडक्याने पुसत होती. तिने मला बसा म्हटलं नाही आणि मी बसलो नाही.

मी सगळं सांगितलं. सांगताना मी एकदा "परिस्थितीच अशी झाली" म्हणालो, तर तिने पुसायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. मग मी तसं काही बोललो नाही.

ती म्हणाली, "माझ्या वडलांनी मला विचारलं, तू खरंच केलंस का. दोन महिने मी माझ्याच घरात चोरासारखी राहते आहे. दोन ठिकाणी काम ठरलं आणि आदल्या दिवशी नाही म्हणाले."

मी म्हटलं, "मी सुजितला सांगितलं आहे, तुझा काही दोष नाही म्हणून."

"सुजितला?" ती हसली, पण चांगलं नाही हसली. "स्वप्निलदादा, सुजितने मला विचारलंसुद्धा नाही. ठरवूनच टाकलं. तुम्ही त्याच्या कानात घातलंत, कबूल. पण मला एक फोन करायला तुम्ही त्याचा हात धरला नव्हतात ना? ते त्याचं त्याने केलं. त्याचं मी त्याच्याशी बघेन. तुमचं तेवढं तुम्ही निस्तरा."

"काय करू?"

"स्टुडिओला लेखी द्या. तुमच्या नावाने, पत्त्यासकट. आणि जिथे ती बातमी लावली तिथेच खरं लावा. तुमच्या त्या चाळीस हजारांपुढे."

पहिलं मी तिथेच, तिच्या बाकावर बसून लिहिलं. दुसऱ्याला मला आठवडा लागला, हेही लपवत नाही. रोज लिहायचो आणि रोज त्यात एक वाक्य असं यायचं की माझीही थोडी कीव यावी. नूतन ते वाक्य खोडायची. शेवटी चार ओळी उरल्या: 'आतला माणूस' मीच. माहिती माझ्या भावाने घरी, विश्वासाने सांगितली होती. मी ती चोरली. त्यामुळे ज्या मुलीवर आळ आला तिचा याच्याशी काहीही संबंध नाही.

पुढचं तू पाहिलं असशील. आता बोंबलाच्या शेजारी माझा फोटो लावतात. रोह्याचा विनेश, तो पहिल्या दिवसापासून पानावर होता, दर रविवारी वाद घालायला हजर असायचा, त्याने फोन केला. मला वाटलं शिव्या देईल. तो म्हणाला, "दादा, आम्ही घाईत केलेल्या शेवटावर एवढे चिडलो, कारण आम्हाला ती माणसं खरी वाटायची. तुम्हाला तर तुमचा भाऊसुद्धा खरा वाटला नाही." आणि ठेवला. पान मी बंद केलं. शेठना कुठून तरी कळलं, त्यांनी विचारलं, "आमच्या पाहुण्यांचं बोलणं पण बाहेर टाकतोस काय रे?" काढलं नाही अजून. पण आता पाहुणे जेवायला बसले की मी आत जातो, आपलं बोलणं ऐकलं जातंय असं त्यांना वाटू नये म्हणून.

आईला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. तिने सगळं ऐकून घेतलं, सूप खाली ठेवलं आणि म्हणाली, "माझी शपथ घेतलीस व्हय?" सगळ्यातलं तिने तेवढंच विचारलं. मी हो म्हटलं. तिने परत सूप उचललं. तेव्हापासून ती मला जेवायला वाढते, पण "अजून घे" म्हणत नाही.

परवा सहा डिसेंबरला मीच तिला चैत्यभूमीवर घेऊन आलो. तू पुस्तकांच्या त्या ठरलेल्या स्टॉलजवळ असशील हे तिला माहीत होतं आणि मलाही. मी तिला म्हटलं होतं, तू दिसलास की मी मागे थांबेन. पण गर्दीने आम्हाला एकदम तुझ्यापुढेच नेऊन सोडलं. तू आधी आईच्या पाया पडलास. किती वाळलास तू. मग माझ्या हातातली तिची पिशवी घेतलीस, आणि घेताना तुझी बोटं माझ्या बोटांना लागणार नाहीत अशा बेताने घेतलीस. पिशवीचे बंद वरून धरून, हळूच.

त्या गर्दीत लोक एकमेकांना खेटून चालत होते, अनोळखी म्हाताऱ्या पोरांच्या खांद्यावर हात टाकून रांगेत पुढे सरकत होत्या. मी फाटकाजवळ तुमची वाट बघत उभा राहिलो. दर्शन घेतलं नाही. रांगेत उभं राहण्याइतकं तोंड मला नव्हतं.

स्टुडिओचं उत्तर आलं आहे, त्याची प्रत सोबत जोडतो. किशोरीवरचा आरोप मागे घेतला आहे. तुझ्याबद्दल त्यांनी लिहिलं आहे की गुप्ततेची अट मोडली गेली हे खरंच आहे, मग ती घरात का असेना. म्हणजे तुझी नोकरी मी परत आणू शकलो नाही. मी पुन्हा लिहिलं होतं, की भावाला सांगणं म्हणजे बाहेर सांगणं नव्हे. त्याला त्यांनी उत्तर दिलं नाही. बरोबरच आहे. माझ्या बाबतीत ते बाहेरच होतं.

स्वप्निल

काशीद, २३ फेब्रुवारी

सुजित,

हे शेवटचं पत्र. नूतन म्हणाली, आता पुरे करा, त्यांना त्यांचा संसार करू द्या. तिचं खरं आहे. पण कालचं लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तुमच्या लग्नाची पत्रिका आली तेव्हा आईने ती मला वाचून दाखवायला सांगितली. पाकिटावर आईचं आणि नूतनचं नाव होतं. मी मोठ्याने वाचली, तारीख, अलिबागचं विहार, वेळ. आईने विचारलं, "आजून काय लिवलंय?" मी म्हटलं, "एवढंच." तिने पत्रिका माझ्या हातातून घेतली आणि म्हणाली, "गाडी तूच चालवशील ना?"

किशोरी तुला कशी आणि कधी परत भेटली, तू तिला काय म्हणालास, हे मला कोणी सांगितलेलं नाही आणि मी विचारलंही नाही. नूतनला माहीत असावं. तिच्या चेहऱ्यावरून कळतं की तुलाही सोपं गेलेलं नाही. आता तुम्ही दोघं मिळून स्वतःचं छोटं काम सुरू केलंय, जाहिरातींसाठी समुद्र, पाऊस असलं काहीतरी बनवता, एवढं आईकडून कळलं.

मी गाडी विहाराच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे लावली आणि आतच बसलो. खिडकीतून तुझी पाठ दिसत होती. पांढरा सदरा, मानेवर केस नीट कापलेले. वंदना सुरू झाली तेव्हा मी गाडीत हात जोडले. शेजारून जाणाऱ्या एका माणसाने वाकून आत पाहिलं, त्याला वाटलं असेल कोण हा वेडा. मी हात खाली घेतले, मग परत जोडले.

जेवणं सुरू झाली. मी आसन मागे करून डोळे मिटले होते. काचेवर टकटक झाली. किशोरी उभी होती, कपाळावर घाम, हातात ताट. मागे पदर सावरत नूतन. किशोरी म्हणाली, "तुम्हाला आत बोलवणार नाही. ते माझ्या हातात नाही आणि आज माझी इच्छाही नाही. पण माझ्या लग्नात कोणी उपाशी राहता कामा नये." मी ताट घेतलं. गाडीत बसून, मांडीवर ठेवून जेवलो. वरण गोड होतं. सगळं संपवलं, एक शीतही टाकलं नाही.

मग तू आईला सोडायला बाहेर आलास. रस्ता ओलांडताना तिचा कोपर धरला होतास. मी उतरून मागचं दार उघडलं आणि बाजूला झालो, तुला माझ्याकडे बघावं लागू नये म्हणून बोनेटजवळ जाऊन उभा राहिलो. तू आईला बसवलंस, तिची साडी दारात अडकू नये म्हणून आत सारलीस. नूतन पलीकडून बसली. मला वाटलं, आता तू वळशील आणि जाशील. तू वळलासही. मग चाकाकडे पाहिलंस. खाली बसून अंगठ्याने दाबून पाहिलंस. नव्या सदऱ्याला धूळ लागली.

"पुढचं डावं चाक बसतंय," तू म्हणालास. "आई आहे गाडीत. बघून मग जा."

माझ्याकडे बघून नाही म्हणालास, चाकाकडे बघूनच. पण दुसरं तिथे कोणी नव्हतं.

मी "हो" म्हटलं. तेही तुला ऐकू गेलं की नाही कोण जाणे, तू तोवर अर्धा रस्ता ओलांडला होतास.

गाव सोडायच्या आधी पंक्चरवाल्याकडे गाडी घेतली. त्याने चाक फिरवून फिरवून पाहिलं, पाण्यात बुडवलं, तेव्हा कुठे एक बारीक तार सापडली. तो म्हणाला, "घाटात गेली असती हवा, आणि बायामाणसं मागे. वरून तर काहीच दिसत नव्हतं. कोणी सांगितलं तुम्हाला?"

आई मागे बसली होती. काच उघडी होती. ती पुढे झुकली, मी काय सांगतो ते ऐकायला.

मी म्हटलं, "भावाने."

स्वप्निल